संशोधन संस्थेच्या समितीवर शेतकऱ्याचं नाव कसं पाठवायचं

डाळिंबावर, द्राक्षावर, कांद्यावर पुढं काय संशोधन व्हावं याची शिफारस करणाऱ्या समितीत दोन शेतकरी बसतात. नियमानंच बसतात. बागायतदारांच्या बैठकीत मी हे सांगते तेव्हा बहुतेक वेळा समोरून प्रश्न येतो, "कोण बसतंय ताई? आमच्या कधी कानावर आलं नाही." हा प्रश्न रास्त आहे. समितीवरच्या माणसाचं नाव त्याच्याच तालुक्यात ठाऊक नसेल, तर तो तिथं कुणाचं म्हणणं मांडतो?

मी सांगोला तालुक्यातली. डाळिंब उत्पादकांच्या एका गटाचं दप्तर माझ्याकडे असतं. ठराव लिहिणं, पत्रं पाठवणं, पोच जपून ठेवणं ही माझी कामं. आमच्या भागात तेल्या हा डागांचा रोग येऊन गेला, मग झाडं वाळवणारी मर आली, मग पिन होल बोरर या किडीनं खोडं पोखरली आणि ज्यांनी पोराबाळांसारख्या वाढवल्या त्यांनीच बागा जेसीबीनं काढल्या. त्या काळात आम्हाला कळलं की औषध कुठलं मारायचं हे विचारायला माणसं आहेत, पण या किडीवर काम करा, पैसा इकडे लावा, हे योग्य जागी जाऊन सांगणारं आपलं कुणी नाही. तेव्हापासून आम्ही नावं पाठवायला लागलो. कसं पाठवायचं ते इथं लिहिते. डाळिंबाचं उदाहरण घेतलंय कारण ते मला माहीत आहे; पीक कुठलंही असलं तरी रीत हीच.

आधी जागा नीट समजून घ्या. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या देशभर शंभराहून जास्त संस्था आहेत. सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ सालचं. मांजरीचं द्राक्ष केंद्र १९९७ चं. राजगुरुनगरला कांदा-लसूण संचालनालय, नागपूरला लिंबूवर्गीय फळांची आणि कापसाची संस्था, बारामतीजवळ माळेगावला दुष्काळ, क्षार, उष्णता अशा ताणांवर काम करणारी संस्था, आणि जुन्या गोव्यात किनारपट्टीच्या शेतीची संस्था. या प्रत्येक ठिकाणी दोन समित्या असतात. एक व्यवस्थापन समिती. तिचे अध्यक्ष संस्थेचे संचालक. राज्याच्या कृषी खात्याचे आणि कृषी विद्यापीठाचे प्रतिनिधी, परिषदेचे शास्त्रज्ञ, लेखा अधिकारी हे त्यात असतात, आणि शेती व ग्रामीण भागाचे प्रतिनिधी म्हणून दोन बिगरसरकारी माणसं असतात. दुसरी संशोधन सल्लागार समिती. तिचा अध्यक्ष परिषदेबाहेरचा नामवंत शास्त्रज्ञ असतो. ती वर्षातून निदान एकदा बसते, झालेलं काम तपासते आणि पुढं कोणत्या विषयाला हात घालावा हे सुचवते. व्यवस्थापन समितीवरची तीच दोन माणसं या समितीवरही असतात. म्हणजे एका नेमणुकीत दोन दारं उघडतात, एक खर्चाचं आणि एक संशोधनाच्या दिशेचं. मुदत तीन वर्षांची. आणि नेमणूक करतात परिषदेचे अध्यक्ष, म्हणजे देशाचे कृषिमंत्री.

कृषिमंत्र्यांचं नाव ऐकलं की लोक गप्प होतात. "मग ते वरच्यावरच होतंय, आपलं काय चालणार?" वरून होतं हे खरं. पण दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवा: या जागेची जाहिरात निघत नाही, ठरलेला अर्ज नाही, आणि तरीही नाव कुणी ना कुणी सुचवतंच. ज्यांचं नाव कागदावर व्यवस्थित पोचतं त्यांचाच विचार होतो. आपण पाठवलंच नाही तर दुसऱ्याचं जाईल, आणि ते कुणाचं असेल यावर आपला काही ताबा राहत नाही.

शेतकऱ्याचं तिथं काय काम, असं शिकलेली माणसंही विचारतात. त्यांना मी २०१० सालचा द्राक्षांचा हंगाम आठवायला सांगते. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले. निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्यात तेव्हा ते नव्हतं. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना मात्र ते चांगलं ओळखीचं होतं. सीसीसी म्हणून, लिहोसिन म्हणून छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखायला ते सर्रास वापरलं जात होतं. बागेत प्रत्यक्षात काय फवारलं जातं, कधी आणि किती, ही माहिती शेतकऱ्याकडे असते. ती माहिती ज्या टेबलावर निर्णय होतो त्या टेबलावर वेळेत पोचवणं हे या दोन माणसांचं काम आहे.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी जागा कधी रिकामी होते ते काढा. संस्थेच्या वार्षिक अहवालात शेवटच्या पानांकडे दोन्ही समित्यांच्या सदस्यांची नावं छापलेली असतात. अहवाल संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात, हिंदीत आणि इंग्रजीत. मागचे चार-पाच अहवाल शेजारी ठेवले की कोण कधी आलं आणि त्याची मुदत कधी संपत असेल याचा अंदाज येतो. अंदाजावर थांबू नका. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. केंद्र सरकारच्या संस्थांसाठी तो ऑनलाइन भरता येतो, नाहीतर साध्या कागदावर लिहून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडायची. खरं तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे आपल्याकडे कोणत्या समित्या आहेत आणि त्यांची इतिवृत्तं लोकांना पाहता येतात का, हे प्रत्येक सरकारी कार्यालयानं न मागताच जाहीर करायचं असतं. तेव्हा मागताना बिचकायचं कारण नाही. आम्ही विचारतो ते असं: दोन्ही समित्यांवरच्या बिगरसरकारी सदस्यांची नावं, नेमणुकीच्या आदेशाची प्रत, मुदत संपण्याची तारीख, मागच्या तीन बैठकांची इतिवृत्तं, आणि शिफारशींवर काय कार्यवाही झाली त्याचा अहवाल. "का", "कशामुळे" असले प्रश्न अर्जात घालू नका. माहितीच्या अर्जात कागद मागायचा, खुलासा मागायचा नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, त्याला पैसे लागत नाहीत.

इतिवृत्तं आली की ती नुसती फाइलला लावू नका, बसून वाचा. शेतकरी सदस्य हजर होता का? तो काय बोलला याची नोंद आहे का? आम्ही मागवलेल्या एका संस्थेच्या कागदांत शेतकरी प्रतिनिधीच्या नावापुढं "अनुपस्थित" असं लागोपाठ दिसलं. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला बैठकीचं पत्र वेळेत मिळालं का, तिथं चाललेलं इंग्रजी त्याला समजत होतं का, हे कुणी विचारलंच नसेल. पण पुढचं नाव निवडताना आम्ही काय बघायचं हे त्या कागदांनी शिकवलं.

माणूस निवडणं हाच या सगळ्यातला खरा भाग आहे आणि तिथंच आपली गावं घाई करतात. बैठक बोलावली की पहिलं नाव येतं ते पुरस्कारवाल्याचं. "आण्णांना कृषिभूषण हाय, त्यांचं घाला की." दुसरं येतं माजी पंचायत समिती सदस्याचं. तिसरं ज्याच्याकडे सगळ्यात मोठी बाग आहे त्याचं. ही माणसं वाईट नसतात, आणि पुरस्कार उगाच मिळत नाही. पण त्या समितीत मान घ्यायला कुणी जायचं नाही. तिथं शास्त्रज्ञ आकडे मांडणार, आणि आपल्या माणसाला त्याच्यासमोर आपल्या बागांतले आकडे मांडता आले पाहिजेत.

म्हणून मी पहिली गोष्ट विचारते: वही आहे का? कुठल्या तारखेला पानगळ केली, पाण्याचा ताण किती दिवस दिला, पाऊस कधी झाला, कोणत्या ओळीतलं झाड आधी वाळलं, काय फवारलं, माल किती निघाला. ज्यानं हे निदान चार-पाच हंगाम लिहिलंय त्याचं नाव यादीत वर जातं, मग तो दोन एकरवाला का असेना. आमच्या गटात एक दादा आहेत. बोलायला फार नाहीत. पिन होल बोररचं छिद्र कुठल्या झाडाला आधी दिसलं, ते झाड आधीच मर लागून पिवळं पडलं होतं का धडधाकट होतं, जमीन मुरमाड का भारी, हे त्यांनी झाडाचा नंबर घालून लिहून ठेवलं होतं. कीड आधी येते का झाड आधी कमजोर होतं, हा साधा प्रश्न त्या वहीतून उभा राहिला. असा प्रश्न घेऊन माणूस गेला तर शास्त्रज्ञ खुर्ची पुढं ओढून ऐकतात. मी हे पाहिलंय.

दुसरं, तो दुसऱ्याच्या बागेत जातो का? स्वतःच्या बांधापलीकडचं न बघणारा माणूस स्वतःच्याच अडचणी मांडतो. सांगोल्यात जे दिसतं ते मालेगाव-सटाण्यात तसंच असेल असं नाही, आणि डाळिंबाची संस्था सगळ्या देशाची आहे. कर्नाटकात, गुजरातेत, राजस्थानातही बागा आहेत. त्यानं चार जिल्ह्यांतल्या लोकांशी फोन लावून बोलायची तयारी ठेवली पाहिजे.

तिसरं, ऐकून घेण्याची ताकद. "तुमच्या निरीक्षणाला तुलनेचे प्लॉट नव्हते" असं कुणी म्हणालं तर त्याचा अपमान होता कामा नये. त्यावर "मग तुलना कशी करायची सांगा, पुढच्या बहराला करतो" असं म्हणणारा माणूस हवा.

भाषेची फार काळजी करू नका. बैठक हिंदी-इंग्रजीत चालते. हिंदी कामापुरतं कळलं की पुरे. इंग्रजी वाचून सांगायला गावात कृषी पदवी घेतलेली पोरं-पोरी आहेत. त्यांच्यापैकी एकाला त्या सदस्यासोबत जोडून द्या. नाव पाठवायच्या आधीच हे ठरवा, नंतर नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण ती टाळली जाते. रोपवाटिका चालवणारा, औषध-खतांची एजन्सी असणारा, किंवा संस्थेचं वाण नाहीतर तंत्रज्ञान परवान्यानं घेऊन विकणारा माणूस पाठवायचा का? माझं मत: शक्यतो नको. संस्था रोपांबद्दल, जैविक खतांबद्दल जे ठरवेल त्यात त्याचा पैसा गुंतलेला असतो. तो प्रामाणिक असला तरी लोक त्याच्या शब्दावर शंका घेतील. आणि शेतकऱ्याची जागा दोघांचीच आहे, त्यातली एक अशी अडवू नये. तरीही तोच सगळ्यात जाणता असेल तर पत्रातच लिहा की त्याची रोपवाटिका आहे आणि त्या विषयावर चर्चा असेल तेव्हा तो बाजूला होईल. लपवून पाठवू नका.

दोन नावं पाठवा, आणि त्यातलं एक बाईचं असू द्या. हे मी बाई आहे म्हणून म्हणत नाही. डाळिंबाची छाटणी, फळ तोडणी, प्रतवारी यांतलं पुष्कळ काम बायकांच्या हातून होतं. डाग कोणता तेल्याचा आणि कोणता उन्हाचा हे त्यांना लांबून कळतं. फवारणी झाल्यावर किती तासांनी मजूर बायकांना बागेत घातलं जातं हे त्याच सांगू शकतात, आणि संशोधनाच्या कागदात हा मुद्दा क्वचितच येतो. नाव पाठवताना अडचण येते ती सातबाऱ्याची, कारण जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. जमत असेल तर ते करून घ्या. ते होईपर्यंत गटाचं सभासदत्व, पीक विक्रीच्या पट्ट्या आणि सरपंचाचा दाखला जोडा. समितीचा नियम शेतीच्या प्रतिनिधीबद्दल बोलतो, सातबाऱ्याबद्दल नाही.

नाव ठरलं की सभेत ठराव घ्या. गट असो, शेतकरी उत्पादक कंपनी असो किंवा सहकारी संस्था असो, ठरावाला सूचक-अनुमोदक लागतात, तारीख आणि हजेरी लागते. ज्याचं नाव जातंय त्याचं लेखी संमतीपत्र घ्या. त्यात त्यानं लिहायचं: मी वर्षाला दोन्ही समित्यांच्या बैठकांना हजर राहीन, आणि बैठकीनंतर पंधरा दिवसांत गटाला लेखी कळवीन. हे शेवटचं वाक्य आम्ही आवर्जून घालतो. काहींनी त्यावर नाक मुरडलं. ज्यांनी मुरडलं त्यांचं नाव आम्ही पाठवलं नाही.

पत्र दोन पानांपेक्षा मोठं नको. मंत्र्यांना हार्दिक अभिनंदन आणि दीर्घायुष्याच्या शुभेच्छा यात पहिला परिच्छेद घालवू नका. आम्ही पाठवतो त्याचा नमुना देते, तुमच्या पिकाप्रमाणे बदला:

"विषय: संस्था व्यवस्थापन समिती व संशोधन सल्लागार समितीवर शेतकरी प्रतिनिधी म्हणून नाव सुचवण्याबाबत.

महोदय, आपल्या संस्थेच्या व्यवस्थापन समितीवरील शेती व ग्रामीण हिताच्या प्रतिनिधींची मुदत अमुक तारखेला संपत आहे. आमच्या गटाच्या अमुक तारखेच्या सभेत झालेल्या ठरावानुसार आम्ही पुढील दोन नावं सुचवत आहोत.

पहिलं नाव, वय, गाव, तालुका, जिल्हा. एकूण क्षेत्र पाच एकर, पैकी डाळिंब तीन एकर, वाण भगवा, मृग बहार. गेल्या सहा हंगामांची लेखी नोंद उपलब्ध. खोड पोखरणाऱ्या किडीच्या प्रादुर्भावाची झाडनिहाय नोंद ठेवली असून तिची प्रत सोबत जोडली आहे. कृषी विज्ञान केंद्राच्या दोन चाचण्यांसाठी शेत उपलब्ध करून दिलं. रोपवाटिका, निविष्ठा विक्री किंवा संस्थेच्या तंत्रज्ञानाचा परवाना यांत कोणतेही आर्थिक हितसंबंध नाहीत.

या सदस्यानं समितीसमोर मांडावेत असे आमच्या गटाचे तीन विषय पुढीलप्रमाणे आहेत..."

हे तीन विषय म्हणजे पत्राचा जीव. माणसाचे गुण सगळेच लिहितात. विषय लिहिले की वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस आल्यावर बैठकीत काय घडेल. विषय असे लिहा की त्यावर कुणी प्रयोग आखू शकेल. "शेतकऱ्यांच्या समस्या सोडवाव्यात" हा विषय होत नाही. "मर लागलेलं झाड काढल्यावर त्याच खड्ड्यात पुन्हा लावण करायची तर किती महिने थांबावं आणि माती कशी तयार करावी, याची भारी व हलक्या जमिनीत वेगवेगळी चाचणी घ्यावी" हा विषय होतो. तो लिहायला आमच्या गटाला सभेत वाद घालून बराच वेळ लागतो आणि तो वेळ सत्कारणी लागतो, कारण त्या वादातच कळतं की आपल्याला नक्की काय माहीत नाही.

पत्रासोबत सातबारा, ठरावाची प्रत, संमतीपत्र आणि वहीची चार-पाच पानं जोडा. सत्काराचे फोटो आणि वर्तमानपत्रातली कात्रणं नकोत.

पाठवायचं कुणाला? मूळ पत्र संस्थेच्या संचालकांना. एक प्रत नवी दिल्लीत कृषी भवनात परिषदेच्या महासंचालकांना, एक तुमच्या पिकाच्या विभागाच्या उपमहासंचालकांना (डाळिंब, द्राक्ष, कांदा यांचा विभाग फलोत्पादनाचा, कापसाचा पीकशास्त्राचा), एक कृषिमंत्र्यांच्या कार्यालयाला. पत्र मराठीत लिहा आणि हिंदी भाषांतर जोडा, कारण फाइल दिल्लीत फिरणार आहे. संचालकांचं पत्र शक्यतो हातानं नेऊन द्या, आवक शिक्का मारून पोच घ्या. बाकीची स्पीड पोस्टानं. मुदत संपायच्या सहा महिने आधी पाठवा. मुदत संपून जागा रिकामी पडल्यावर पाठवलेलं पत्र बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं नाव पुढं सरकल्यावर पोचतं.

खासदारांकडे जायचं का? जा. लाजू नका आणि लाचारही होऊ नका. त्यांच्याकडे नाव मागायला जाऊ नका, ठरलेलं नाव घेऊन जा. "आमच्या सभेनं हे नाव ठरवलंय, या कारणासाठी, त्यांना आपलं शिफारसपत्र हवं" एवढंच सांगायचं आणि पत्राची प्रत हातात द्यायची. त्यांनी स्वतःच्या कार्यकर्त्याचं नाव पुढं केलं तर नम्रपणे वही दाखवायची. तसंच पिकाचा राज्य संघ आहे, द्राक्ष बागायतदारांचा आहे, डाळिंब उत्पादकांचा आहे. त्यांचा पाठिंबा मिळाला तर नावाचं वजन वाढतं, कारण मग ते एका तालुक्याचं राहत नाही.

वेळेबद्दल एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. या संस्थांच्या पैशाची मोठी आखणी पाच-पाच वर्षांची, वित्त आयोगाच्या काळाला धरून होते. पंधराव्या आयोगाचा काळ २०२१-२२ ते २०२५-२६ असा होता, त्यानंतरचा २०२६-२७ पासून. नव्या आखणीच्या आधीच्या वर्षात समितीनं जी शिफारस लिहून ठेवली तिला पैसा मिळण्याची शक्यता जास्त. शिवाय दर पाच वर्षांनी बाहेरच्या शास्त्रज्ञांचं आढावा पथक संस्थेचं काम तपासायला येतं आणि शेतकऱ्यांनाही भेटतं. त्या भेटीची तारीख संस्थेला पत्रानं विचारून ठेवा. सदस्य नसलात तरी तिथं बोलता येतं.

नाव लागलं, आदेश आला, की हार घालून मोकळं होऊ नका. पहिल्या बैठकीआधी त्या माणसासोबत बसा. विषयपत्रिका हातात आल्याशिवाय तयारी होत नाही, म्हणून बैठकीचं पत्र मिळताच सदस्य सचिवांना लिहून विषयपत्रिका आणि मागच्या बैठकीचा कार्यवाही अहवाल मागवा. संस्थेत चालू असलेल्या प्रकल्पांची यादी वाचा. आपला विषय त्यात आधीच असेल तर नवा मागण्याऐवजी "याची चाचणी आमच्या भागातल्या जमिनीतही घ्या" असं मागता येतं, आणि ते लवकर मान्य होतं. अनुदान, विमा, रोपांचा कोटा, कुणाची बदली, हे विषय तिथं काढायचे नाहीत. त्यांची कार्यालयं वेगळी आहेत, आणि एकदा का आपला माणूस तक्रारीचा माणूस ठरला की पुढं त्याचं संशोधनावरचं म्हणणंही कुणी मनावर घेत नाही.

बैठकीत मुद्दा बोलून झाला की तो लेखीसुद्धा द्यायचा, एका पानावर, सही-तारखेसह, आणि इतिवृत्तात नोंद घ्या म्हणून अध्यक्षांना सांगायचं. इतिवृत्ताचा मसुदा आला की आपला मुद्दा आहे का ते बघायचं. नसेल तर लगेच ईमेल करायचा. इतिवृत्तात आला की तो शिफारस म्हणून आलाय का नुसती चर्चा म्हणून, हेही बघा. शिफारशीवर पुढच्या वर्षी संस्थेला उत्तर द्यावं लागतं, चर्चेवर नाही. आमच्याकडच्या सदस्यानं पहिल्या वर्षी एकच विषय लावून धरला, बाकी सोडून दिले. मला तेच बरोबर वाटतं. तीन वर्षांत एक चाचणी शेतकऱ्याच्या जमिनीवर सुरू झाली तरी ती जागा सार्थकी लागली.

गटानंही आपलं काम करायचं असतं. समितीवरचा माणूस बाग सोडून जातो, त्याला प्रवासभत्ता मिळतो पण त्या दिवशीची फवारणी कुणीतरी करावी लागते. आम्ही ते वाटून घेतो. तो परत आला की सभा लावतो, तो सांगतो, मी लिहून घेते आणि ते टिपण शेजारच्या तालुक्यांतल्या गटांनाही पाठवते.

आणि केंद्रीय संस्थेवर पहिल्याच झटक्यात नाव लागलं नाही, जे होण्याची शक्यता बरीच आहे, तर खालच्या जागा धरा. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राची वैज्ञानिक सल्लागार समिती असते, तिच्यात शेतकरी आणि शेतकरी महिला घेतात. केंद्र पुढच्या वर्षी कोणत्या चाचण्या आणि प्रात्यक्षिकं घेणार हे तिथं ठरतं. केंद्राच्या प्रमुखांना लिहायचं. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातच्या केंद्रांवर पुण्याच्या अटारी या कार्यालयाची देखरेख आहे, त्यांना प्रत द्यायची. आत्मा या शेती विस्ताराच्या सरकारी योजनेत तालुका, जिल्हा आणि राज्य अशा तीन पातळ्यांवर शेतकरी सल्लागार समित्या आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या कार्यकारी परिषदेवर शेतकरी असतात, त्यांची नेमणूक राज्य सरकारकडून होते. विद्यापीठांच्या संशोधनाच्या शिफारशी जिथं मान्य होतात ती चारही विद्यापीठांची एकत्र बैठक, जॉईंट अ‍ॅग्रेस्को, दरवर्षी भरते. तिथं आपल्या पिकाबद्दल काय ठरलं ते वाचून विद्यापीठाच्या संशोधन संचालकांना लेखी अभिप्राय पाठवता येतो, त्याला सदस्य असण्याची गरज नाही.

यांतल्या एका जागेवर तीन वर्षं नेमानं हजर राहिलेल्या माणसाचं नाव पुढच्या वेळी दिल्लीला पाठवताना पत्रात एक ओळ जास्त लिहिता येते: अमुक समितीवर अमुक वर्षं काम, सर्व बैठकांना उपस्थित, इतिवृत्ताच्या प्रती सोबत. आम्ही सध्या दोन नावांसाठी असेच कागद जमवतोय. एक त्या वहीवाल्या दादांचं आहे. दुसरं महूदकडच्या एका ताईंचं, ज्यांनी तोडणीच्या वेळी फेकून दिलेल्या फळांचं वजन आणि फेकण्याचं कारण दर खेपेला लिहून ठेवलंय. त्यांच्या वहीची हिंदी प्रत तयार व्हायची आहे, तेवढी झाली की पत्र जाईल.